खडकीच्या कब्रस्तानातील नावे

सटाणा, देवळा, कळवण या बाजूची माणसे पुण्याला जातात ती बहुधा कामानेच. मुलाचा कॉलेजप्रवेश असतो, कुणाचे ऑपरेशन असते, नात्यात लग्न असते. पहाटेची एसटी नाशिक, सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करीत पुण्याला पोहोचते. काम उरकले की परतीच्या गाडीची घाई. त्या घाईत खडकी म्हणजे रेल्वेचे एक स्टेशन आणि दारूगोळ्याच्या कारखान्याचे गाव, एवढीच आपली ओळख राहते. त्याच खडकीत एक कब्रस्तान आहे. साता समुद्रापलीकडची माणसे तेथील एकेका कबरीचा फोटो मिळावा म्हणून पत्रे लिहितात आणि तो मिळाला की घरात जपून ठेवतात.

सुट्टीत आम्ही दोघे-तिघे शिक्षक मुद्दाम तेथे गेलो. दोन महायुद्धांचा धडा शिकवताना पोरांना सनावळी पाठ होते, पण माणसे दिसत नाहीत. ती दिसावीत म्हणून काही फोटो घ्यावेत, एवढाच हेतू होता.

फाटकातून आत गेले की प्रथम जाणवते ती शिस्त. कापलेले हिरवे गवत, त्यावर सारख्या उंचीच्या दगडांच्या रांगा आणि प्रत्येक दगडाच्या पायाशी लहानसा फुलांचा वाफा. दुसऱ्या महायुद्धात जीव गमावलेल्या सोळाशेहून अधिक सैनिकांच्या कबरी येथे आहेत. पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानात ठिकठिकाणी जे दफन झाले होते, परंतु जेथे पुढे देखभालीची शाश्वती नव्हती, अशा कबरी येथे एकत्र आणल्या गेल्या. आपला हा मुलूख काही रणांगण नव्हता. लष्करी इस्पितळात, अपघातात, साथीच्या तापात गेलेली माणसेही युद्धाचीच माणसे धरली गेली. आवारातच पहिल्या महायुद्धाचे स्मारक आहे. ज्यांच्या कबरी छावण्यांच्या जुन्या कब्रस्तानांत होत्या आणि आता राखता येत नाहीत, त्यांची नावे त्यावर कोरली आहेत. 1962 मध्ये मुंबईच्या शिवडी येथून सहाशेहून अधिक सैनिकांचे अवशेष येथे आणून पुन्हा दफन करण्यात आले.

दगडावर काय असते? वर पलटणीचे चिन्ह, त्याखाली नंबर, हुद्दा, नाव, मृत्यूची तारीख, वय, मग धर्माची खूण आणि अगदी तळाशी घरच्यांनी निवडलेली एखादी ओळ. आम्ही वये वाचत गेलो. वीस. बावीस. एकोणीस. सटाण्याच्या मैदानावर पहाटे पोलीस आणि लष्कर भरतीसाठी धावणारी आमची माजी मुले याच वयाची असतात. इतिहासाच्या पुस्तकात 'लाखो सैनिक मरण पावले' हे वाक्य आम्ही किती वेळा फळ्यावर लिहिले असेल. येथे उभे राहिल्यावर ते वाक्य एकेका पोराचे होते.

या कबरींची देखभाल कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन करते. ही संस्था मे 1917 मध्ये, महायुद्ध चालू असतानाच, स्थापन झाली. तिने दोन नियम घालून दिले. एक, मृतदेह मायदेशी न्यायचे नाहीत, ते पडले त्या देशातच राहतील. दुसरा, श्रीमंत-गरीब, अधिकारी-शिपाई असा भेद दगडात दिसू द्यायचा नाही. पहिला नियम इंग्लंडमधील कित्येक आईबापांना फार जड गेला. मुलगा फ्रान्समध्ये किंवा इराकमध्ये, तिकिटाचे पैसे नाहीत, कबर या जन्मी दिसणार नाही.

फोटोची गरज येथूनच निर्माण झाली. 1915 पासूनच कबरींची नोंद करणारी पथके रेड क्रॉसच्या मदतीने फोटो काढून नातेवाइकांना पाठवू लागली होती. एका जाड कार्डावर लहानसा फोटो, शेजारी कब्रस्तानाचे नाव, कबरीचा क्रमांक आणि जवळच्या रेल्वे स्टेशनचे नाव. ते स्टेशनचे नाव आम्हाला फार बोलके वाटते. कधीतरी ही माऊली गाडीतून उतरेल आणि विचारत विचारत येथवर येईल, अशी आशा त्या एका ओळीत कुणीतरी ठेवली होती. बहुतेक मातांना ते जमले नाही. त्यांनी कार्ड चौकटीत बसवून भिंतीवर लावले आणि तीच त्यांची जियारत झाली.

हे काम आजही चालू आहे. वॉर ग्रेव्हज फोटोग्राफिक प्रोजेक्ट या नावाने स्वयंसेवक देशोदेशीच्या युद्ध-कब्रस्तानांत फिरतात आणि एकेका दगडाचा, एकेका नावाचा फोटो घेतात. आजवर असे लाखो फोटो जमले आहेत. कुणी निवृत्त माणूस, कुणी प्रवासी, कुणी शिक्षक. कॅनडातील एखाद्या नातीने आजोबांचे नाव कळवले की खडकीचा किंवा इम्फाळचा फोटो तिला मिळतो.

आमच्या घरांत यावर एक प्रश्न विचारला जाईल, आणि तो रास्त आहे. कबरीचे एवढे काय? इस्लामने कबर साधी ठेवण्यास सांगितले आहे. कबरीला गिलावा करू नये, तिच्यावर इमारत बांधू नये, अशी हदीसमध्ये मनाई आहे. आपल्याकडे कच्ची कबर पाच-दहा पावसाळ्यांत जमिनीला मिळते आणि त्याच जागी पुढे दुसरा जनाजा येतो. यात काही वावगे नाही.

परंतु हदीसमध्येच दुसरीही गोष्ट आहे. हजरत उस्मान बिन मझऊन (रजि.) यांचे दफन झाले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः एक जड दगड उचलून आणला आणि कबरीच्या उशाशी ठेवला. आपल्या भावाची कबर ओळखता यावी, हे कारणही त्यांनी सांगितले. शोभेसाठी नाही, ओळखीसाठी. उहुदच्या लढाईनंतरही असेच दिसते. शहिदांचे देह काही लोक मदीनेत नेऊ लागले तेव्हा ते जेथे पडले तेथेच दफन करण्याचा आदेश झाला. एकेका कबरीत दोघा-दोघांना ठेवावे लागले, आणि कुरआन अधिक कुणाला येत होते असे विचारून त्याला पुढे ठेवले गेले. म्हणजे त्या घाईतही प्रत्येक जण कोण होता, याची चौकशी झाली. कबर साधी ठेवायची, पण माणूस अनोळखी होऊ द्यायचा नाही, हा धडा आम्हाला त्यात दिसतो. दगडाच्या फोटोत सजावट नसते, सजीवाचे चित्रही नसते. असते ते नाव. आणि नाव घेऊन दुआ करण्याची चाल आपल्या प्रत्येक घरात आहे.

खडकीला रांगांतून फिरताना मनात येत राहिले, की येथील बहुतेक नावे इंग्रजांची आहेत. मग आपल्या माणसांची नावे कुठे आहेत? पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली. त्या काळच्या मराठा पलटणींत मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानांचीही भरती होत असे. ते सारे कुठे आहेत?

काही जण इंग्लंडमध्ये आहेत. लंडनजवळच्या वोकिंग गावात 1889 ची शाहजहान मशीद आहे. भोपाळच्या बेगम शाहजहान यांच्या देणगीतून ती उभी राहिली आणि त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिच्यापासून जवळच 1917 मध्ये मुस्लिम सैनिकांसाठी कमानी आणि घुमटीचे एक छोटे कब्रस्तान पूर्ण झाले. मुस्लिम सैनिकांचे दफन त्यांच्या रीतीने होत नाही, असा प्रचार जर्मनीने चालवला होता. त्याला उत्तर म्हणूनही हे बांधले गेले. पुढे तेथे नासधूस होऊ लागली. म्हणून 1968 मध्ये त्या कबरी ब्रुकवुडच्या मोठ्या लष्करी कब्रस्तानात हलवल्या गेल्या. जुनी जागा 2015 मध्ये बागेच्या रूपाने पुन्हा उभी राहिली.

काही जण फ्रान्समध्ये आहेत. न्यव्ह शापेल येथील वर्तुळाकार स्मारकावर, ज्यांची कबर सापडली नाही अशा 4,700 हून अधिक हिंदी सैनिकांची नावे आहेत. 7 ऑक्टोबर 1927 रोजी त्याचे उद्घाटन झाले. काही आपल्याच देशात, मणिपुरात आहेत. 1944 च्या लढाईनंतर इम्फाळला दोन कब्रस्ताने झाली. त्यातील हिंदी सैन्याच्या कब्रस्तानात आठशेहून अधिक कबरी आहेत आणि त्या मुख्यतः मुस्लिम सैनिकांच्या आहेत, कारण हिंदू आणि शीख सोबत्यांना अग्नी दिला गेला व त्यांची नावे तेथेच एका वेगळ्या स्मारकावर कोरली गेली. एकाच खंदकात लढलेली माणसे मरणानंतर आपापल्या रीतीने निरोप घेऊन पुन्हा एकाच आवारात आली. त्या आवाराचा फोटो आम्ही वर्गात दाखवला तर वेगळे काही बोलावे लागणार नाही.

आणि काही जणांना कबरच नाही. कोकणपट्टीच्या रत्नागिरी, रायगडातील किती मुस्लिम घरांतून माणसे खलाशी म्हणून जहाजांवर गेली, हे मुंबईकर वाचकांना सांगायला नको. टॉर्पेडोने जहाज फुटले की इंजिनाच्या तळघरात कोळसा ओढणाऱ्यांना वर येण्याचा अवकाशही मिळत नसे. मुंबईत मस्जिद बंदर भागातील इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रातच राहिलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातील सहा हजारांहून अधिक नावे एका ग्रंथात लिहिलेली आहेत. समुद्राचा फोटो काढून काय दिसणार? तेथे नावाचे पान हीच कबर.

सर्वांत जास्त खटकते ते बसऱ्याचे स्मारक. पुण्याचीच सहावी डिव्हिजन इराकमध्ये गेली होती. 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. कूत-अल-अमारा येथे 7 डिसेंबर 1915 पासून तिला वेढा पडला. घोडे आणि खेचरे मारून खाण्याची वेळ आली, आणि 29 एप्रिल 1916 रोजी शरणागती पत्करावी लागली. नंतरच्या वाळवंटातील पायपिटीत आणि कैदेत हजारो मेले. इराकच्या मोहिमेत कबरीवाचून गेलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांसाठी बसऱ्याला स्मारक झाले. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. पण साध्या हिंदी शिपायांची नावे नाहीत. पलटणीचे नाव आणि पुढे 'इतके शिपाई' असा आकडा. खडकीत ज्या समानतेचे कौतुक वाटते, ती बसऱ्याला पाळली गेली नाही. कमिशनने 2021 मध्ये स्वतःच चौकशी अहवाल काढून हे मान्य केले आणि माफी मागितली. आफ्रिका, आशिया आणि मध्यपूर्वेतील किमान 1,16,000 आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांची नावाने किंवा मुळीच आठवण ठेवली गेली नाही, असे त्या अहवालात आहे.

असाच आकडा आपल्या गावांतही दिसतो. महाराष्ट्रात कित्येक खेड्यांच्या चावडीवर, वेशीवर किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी असते. या गावातून 1914 ते 1919 च्या महायुद्धात इतकी माणसे गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा तिचा मजकूर. साताऱ्याजवळचे अपशिंगे तर 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखले जाते. एकट्या त्या गावातील 46 जण पहिल्या महायुद्धात गेले. पाटीवर आकडा असतो, आईबापांनी ठेवलेले नाव नसते. कयामतच्या दिवशी माणूस आकड्याने उभा राहणार नाही, नावानेच उभा राहील, एवढे तरी आपण जाणतो.

येथे एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. हे सैनिक कुणासाठी लढले? इंग्रजी साम्राज्यासाठी. इराकमध्ये समोर कोण होते? तुर्क, म्हणजे त्या वेळच्या खलिफाचे सैन्य. मुस्लिम शिपायाच्या मनाची त्या दिवसांत काय ओढाताण झाली असेल! फेब्रुवारी 1915 मध्ये सिंगापूरला पाचव्या लाइट इन्फंट्रीतील मुस्लिम शिपायांनी बंड केले आणि सत्तेचाळीस जणांना उघड्यावर गोळ्या घातल्या गेल्या. इकडे आमच्या शेजारच्या मालेगावात 1921 मध्ये खिलाफत चळवळीचा भडका उडाला. त्यातील काहींना 1922 मध्ये येरवडा तुरुंगात फाशी झाली. मालेगावात त्यांची यादगार आहे. येरवडा आणि खडकी यांच्यामध्ये अंतर थोड्या मैलांचे. एकाने सरकारचा पगार घेऊन खलिफाच्या सैन्यावर बंदूक धरली, दुसरा त्याच खिलाफतीसाठी फासावर गेला. दोघेही आपल्यासारख्याच घरांतले होते.

यांतील शहीद कोण, हा निवाडा आमच्या हातात नाही. नियत अल्लाह जाणतो. दुष्काळात घर चालवण्यासाठी गेलेला, पाटलाच्या सांगण्यावरून गेलेला, बाप फौजेत होता म्हणून गेलेला, अशी नाना माणसे त्यात होती. ज्याच्या विचाराशी आपण सहमत नाही त्याच्यासाठीही मगफिरतची दुआ करता येते, आणि तेवढ्यासाठी त्याचे नाव माहीत असावे लागते. ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान 3 जुलै 1948 रोजी काश्मीरच्या लढाईत गेले. त्यांची कबर दिल्लीला जामिया मिल्लियाजवळ आहे. हवालदार अब्दुल हमीद सप्टेंबर 1965 मध्ये पंजाबात असल उत्तर येथे शत्रूचे रणगाडे फोडताना गेले आणि तेथेच त्यांची कबर आहे. या दोघांची नावे मुलांना पाठ असतात, असलीच पाहिजेत. परंतु त्यांच्या आधीच्या पिढ्यांतले जे नावावाचून गेले, त्यांना विसरण्यासाठी राजकारणाचे निमित्त पुरेसे नाही.

मग आपण काय करू शकतो? फार नाही, पण काही निश्चित करू शकतो.

वडीलधाऱ्यांच्या पेटीत पहिल्या महायुद्धाचे एखादे पदक असेल तर त्याची कड उजेडात धरून पाहावी. शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण तेथे बारीक अक्षरांत ठोकलेली असते. तेवढ्यावरून कमिशनच्या संकेतस्थळावर शोध घेता येतो. नाव एकाच स्पेलिंगने शोधू नये. शेख, सय्यद, महंमद, इब्राहिम ही नावे इंग्रज कारकुनाने ऐकू आली तशी लिहिली आहेत. बापाचे नाव आणि गाव जुळले की खात्री करावी.

गावात किंवा आजोळी तशी संगमरवरी पाटी असेल तर तिचा फोटो काढावा. सकाळी किंवा संध्याकाळी, तिरप्या उन्हात, म्हणजे झिजलेली अक्षरेही सावलीमुळे उठून दिसतात. भर दुपारी दगड नुसता पांढरा दिसतो, हे आम्ही खडकीत अनुभवले. दगड घासू नये, त्यावर खडू किंवा चुना भरू नये, अक्षरे त्याने लवकर जातात. एक फोटो जागेसकट दुरून, एक अक्षरांचा जवळून. मग गावातील म्हाताऱ्यांना तो दाखवून विचारावे, की यातले कोण कोण आठवते? आकड्यामागचे एक नाव मिळाले तरी ते वहीत तारखेसह लिहून ठेवावे. आमच्या मुलांना यंदा हाच प्रकल्प देण्याचे आम्ही ठरवले आहे.

आणि फोटो मोबाइलमध्येच ठेवू नये. मोबाइल बदलला की फोटो जातो. एक प्रत छापून मागे नाव, ठिकाण आणि तारीख लिहावी. शंभर वर्षांपूर्वी त्या कार्डावर जवळचे स्टेशन लिहिणाऱ्याला हे कळले होते.

फोटो म्हणजे जियारत नव्हे. कब्रस्तानाच्या फाटकात उभे राहून केलेला सलाम, मूठभर माती, पायाखालचे गवत आणि आपणही येथेच यायचे आहे ही जाणीव, यांची जागा कागद घेऊ शकत नाही. कबरींना भेट देण्यास सांगितले गेले तेच मुळी आखिरतची आठवण राहावी म्हणून. परंतु बसरा, इम्फाळ, वोकिंग सर्वांना जमण्यासारखे नाही. ज्यांना जमत नाही त्यांच्यापर्यंत फोटो नाव पोहोचवतो. पुढचे काम घरातच आहे. मगरिबनंतर आजी मरहूमांची नावे घेत दुआ करते, त्या यादीत अजून एक नाव घालायचे.